वेग शंभर, वेळ पाच मिनिटं

माणूस काय बोलतो याकडे सरांचं लक्ष नंतर जायचं. आधी तो किती वेगाने बोलतो हे ते मोजत. कोपऱ्यावरची भाजीवाली पंच्याण्णव, पण श्वास भलत्याच ठिकाणी घेते. सत्यनारायणाला येणारे गुरुजी कथेत दीडशे आणि प्रसादाची चौकशी करायला लागले की साठ. स्वतःच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा वेग त्यांनी मिनिटाला एकशेचाळीस शब्द असा कायमचा ठरवून टाकला होता. "लग्न झालं तेव्हा मी शंभरावर अडकून पडलो होतो," ते आम्हा विद्यार्थ्यांना सांगत. "दोन वर्षांत एकशेवीसची परीक्षा पास झालो. श्रेय ज्याचं त्याला द्यावं."

"आणि मला काय मिळालं हो?" आतून काकू विचारायच्या.

"ऐकणारा मिळाला," सर म्हणायचे.

मला पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुम्ही सत्तरने बोलता, बाई. दमल्यासारख्या."

"दमलेलीच असते, सर."

"मग ठीक आहे. आजारी नाही ना, एवढंच बघायचं होतं."

सर लघुलेखन शिकवत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने रेघोट्या, टिंबं, अर्धगोल काढत ते टिपायचं आणि मग त्या रेघोट्यांतून शब्दन् शब्द परत उभा करायचा, अशी ही विद्या. आता ती कुणाला लागते असं लोक विचारतात. सरकारला लागते. डोंबिवली पूर्वेला पिठाच्या गिरणीवर सरांचं घर, आणि घराची बाहेरची खोली म्हणजे क्लास. खालून गिरणीची घरघर सतत चालू. कुणी तक्रार केली तर सर म्हणत, "साहेब लोक शांततेत बोलतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी माजिवड्याच्या एका कार्यालयात कंत्राटी लिपिक आहे. दर अकरा महिन्यांनी माझी नेमणूक संपते, एक दिवस मी कुणीच नसते, मग परत नेमणूक होते. असं बारा वर्षं चाललंय. आमच्याकडे कायम लघुलेखकाची एक जागा निघणार निघणार म्हणून बरेच दिवस घोळत होतं. शंभरच्या वेगाचं सरकारी प्रमाणपत्र असेल तर मला अर्ज करता येणार होता. वयाची अट मात्र डोक्यावर टांगलेली होती. म्हणून ऑफिस सुटल्यावर, घरी जाऊन कुकर लावायच्या आधी, मी त्या गिरणीवरचा जिना चढायला लागले. दोन वर्षं चढले.

क्लासचे नियम विचित्र होते. आत आलं की घड्याळ आणि मोबाइल काढून बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. "लिहिताना वेळ बघणारा माणूस म्हणजे जेवताना घास मोजणारा," सर म्हणत. उतारा चालू असेपर्यंत पंखा बंद. डोंबिवलीत, मे महिन्यात. आणि "पुन्हा सांगा" असं कुणी म्हटलं तर सर त्याच्याकडे असे बघत की बिचारा जन्मात परत विचारत नसे. सुटलेल्या शब्दाची जागा मोकळी सोडायची आणि पुढे जायचं. "ऐकू आलं नाही ही सबब डॉक्टरकडे सांगा, माझ्याकडे नको."

सवयच अशी की क्लासबाहेरही ती सुटत नसे. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ वारले, तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर शोकसभा झाली. सर मागच्या खुर्चीत बसून सगळी भाषणं टिपत होते. दुसऱ्या दिवशी स्वच्छ टाइप केलेल्या सोळा पानांचा गठ्ठा त्यांनी गेलेल्यांच्या बायकोला नेऊन दिला. त्या बाई रडल्या, म्हणाल्या, मला काल काहीच ऐकू आलं नव्हतं. पण सरांनी एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींनाही दिली. सेक्रेटरी भरल्या गळ्याने म्हणाले होते, "हे घर आता माझं आहे, मी दर रविवारी येत जाईन." ते वाक्य पान नऊवर आलं होतं. पुढे कित्येक महिने सर दिसले की सेक्रेटरी रस्ता ओलांडायचे. मी सरांना म्हटलं, "कशाला हो त्यांना अडचणीत टाकलंत?" सर खरंच गोंधळले. "मी काहीच केलं नाही. ते जे बोलले ते मी लिहिलं."

दुसरं वेड खोक्यांचं. घरात आलेल्या वस्तूचं खोकं टाकायचं नाही. मिक्सरचं, इस्त्रीचं, कुकरचं, मेलेल्या टीव्हीचंसुद्धा. माळा खोक्यांनी भरला होता आणि प्रत्येक खोक्यावर आत काय ते सरांच्या रेघोट्यांत लिहिलेलं. काकूंना ती लिपी येत नसल्यामुळे माळ्यावरचं काहीही सापडायला नवऱ्याचीच गरज लागायची. मला वाटतं, तोच हेतू असावा.

आवाज मात्र काय होता त्यांचा! भरीव, स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा नि तरी वाक्य अखंड. मी तो समोरासमोर सहा-सात महिनेच ऐकला. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. सर बरे झाले, पण आवाज गेला. उरली ती एक घोगरी कुजबुज, तीही चार वाक्यांत थकणारी. आम्हाला वाटलं क्लास बंद होणार. आठ दिवसांनी दारावर कागद लागला: वर्ग नेहमीप्रमाणे.

झालं असं, की सरांनी तीस वर्षांत शेकडो उतारे स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरून ठेवले होते आणि नंतर ते सगळे कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते. आता ते कॉम्प्युटरशेजारी बसत, उतारा लावत, आणि स्पीकरमधून त्यांचा जुना आवाज यायचा: "वेग शंभर. वेळ पाच मिनिटं. तयार." सर त्या आवाजाबरोबर नुसते ओठ हलवत. पहिल्या दिवशी मला ते बघवलं नाही. पण बघायचं वहीकडे असतं, त्यामुळे निभावलं. हळूहळू माझा हात बसला. शंभरच्या उताऱ्यात दहा-बारा चुका, मग आठ. परीक्षेत त्याहून बऱ्याच जास्त चालतात. सरांनी माझा फॉर्म स्वतः भरला. त्याच सुमारास आमच्याकडच्या जागेची जाहिरातही आली. वयाची मर्यादा मी पुढच्या वाढदिवसाला ओलांडणार होते. म्हणजे ही परीक्षा पहिली आणि शेवटची.

परीक्षेला अकरा दिवस राहिलेले असताना सरांच्या कॉम्प्युटरने विचारलं, अपडेट आता करू की नंतर? शहाणी माणसं 'नंतर' म्हणतात आणि वर्षभर तेच म्हणत राहतात. सरांनी 'आता' दाबलं. "विचारलेल्या प्रश्नाला 'नंतर' हे उत्तर मी विद्यार्थ्यांकडून घेत नाही," ते मला कुजबुजत म्हणाले, "मग स्वतः कसं देऊ?"

दोन तास ते यंत्र गोल गोल फिरत बसलं. सुरू झालं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, फक्त आवाज नव्हता. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली.

स्टेशनजवळचा एक रिपेअरवाला येऊन गेला. "काका, डबा झालाय हा. आता याला काय नाय होणार, नवीन घेऊन टाका. मी देतो ना, मस्त सेट करून देतो, टेन्शन नका घेऊ." सरांनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि मला म्हणाले, "एकशेसत्तर. इतक्या वेगात खरं बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच गेले. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची कटकट झाली की ती निस्तरणारा माणूस येईपर्यंत मीच निस्तरते, तेवढंच माझं ज्ञान. वायर बघितली. स्पीकर दुसऱ्या भोकात लावून बघितला. आवाज चुकून मॉनिटरकडे वळलाय का ते बघितलं. कॉम्प्युटरलाच विचारलं की बाबा, तुला काय होतंय? त्याने दहा मिनिटं विचार करून सांगितलं की काही अडचण आढळली नाही. मी केलेली प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलायची आणि सर ती वहीत टिपणार, असं ठरलं होतं. "म्हणजे चुकलो तर कुठून परत फिरायचं ते कळेल," सर म्हणाले. दुपारपर्यंत तीन पानं भरली आणि आवाजाचा पत्ता नाही.

अपडेटने आवाजाचा जुना ड्रायव्हर उडवलाय, म्हणजे कॉम्प्युटरला स्पीकरशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम उडवलाय, एवढं मला कळलं होतं. नवा काही केल्या बसेना. मी सहज म्हटलं, "सर, हा विकत घेतला तेव्हा बरोबर एखादी सीडी आली असेल ना?" सर उठून शिडी घेऊन आले. माळ्यावरच्या तिसऱ्या रांगेतलं खोकं त्यांनी एका झटक्यात काढलं. आत थर्माकोल, हमीपत्र आणि पाकिटात ती सीडी, कोरी करकरीत.

मी ती घातली, जुना ड्रायव्हर बसवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आणि खोली भरून आवाज आला: "वेग शंभर. वेळ पाच मिनिटं. तयार."

काकू पिठाच्या हातांनी तशाच बाहेर धावत आल्या. त्यांना वाटलं, सरच बोलले. मग सरांकडे आणि कॉम्प्युटरकडे बघून त्या दारातच थांबल्या आणि पदराने डोळे पुसून परत आत गेल्या. सर मान तिरकी करून ऐकत होते. "चाळिशीतला आवाज आहे हा माझा," ते म्हणाले. "कॅसेटवरून उतरवताना थोडा बसला होता. आता मूळचा आला." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बारा वर्षांत ऑफिसात मी काही केलं आणि कुणी बाहेर धावत आलं, असं एकदाही झालेलं नाही.

त्या संध्याकाळपासून मला उतारा झेपेना.

पहिल्या दिवशी दोन ओळी सुटल्या. म्हटलं, दमलेय. दुसऱ्या दिवशी पाच. आवाज पुढे पळतोय आणि मी मागून धापा टाकत येतेय असं व्हायला लागलं. घरी येऊन भांडी घासतानाही बोटं रेघा काढायची. वर्गातली बाकीची मुलं नवशिकी, साठच्या वेगाला चाचपडणारी; त्यांची दांडी रोजच उडायची, त्यामुळे तिकडून काही कळायचं कारण नव्हतं. सरांच्या लाल पेन्सिलीने माझी पानं भरायला लागली. तीस चुका. अडतीस. सर मान हलवत आणि दुसरा उतारा लावत. त्यांनी मला दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकवून बघितला नाही, घड्याळ लावून बघितलं नाही. जगभरच्या बोलण्याला घड्याळ लावणारा माणूस, पण त्याचा शंभर म्हणजे शंभर. मलाही शंका आली नाही. मला वाटलं, हे वय आहे. या वयात हात असाच जायचा.

परीक्षेच्या तीन दिवस आधी सरांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं. बराच वेळ ते पेन्सिलीला टोक करत बसले.

"या वेळी बसू नका," ते म्हणाले.

"सर, पुढची वेळ नाहीये. तुम्हाला माहितीये."

"माहीत आहे." कुजबुजही त्यांना जड जात होती. "पण एवढ्या चुका घेऊन मी कुणाला पाठवलेलं नाही. नापास होऊन याल आणि मग हा हात परत पेन्सिल धरणार नाही. मी खूप जणांचं बघितलंय."

सरांचा अंदाज कधी चुकला नव्हता. ते 'पास' म्हणाले की माणूस पास, 'थांबा' म्हणाले की थांबलेलं बरं, असं सगळा क्लास मानायचा. मी मानलं. परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसला गेले आणि प्रवेशपत्र पर्समध्ये तसंच राहिलं. पुढे जागा भरली गेली. बदलापूरची एक मुलगी आली, चांगली आहे, मला ताई म्हणते. माझा वाढदिवस येऊन गेला. घरी कुणी विषय काढला नाही, हे त्यांचे उपकार.

क्लास मी सोडला होता. चार महिन्यांनी एका शनिवारी काकूंचा फोन आला. "अगं, परत तो मेला अपडेट झाला आणि परत आवाज गेला बघ. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. तूच ये बाई, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

रविवारी गेले. अंगात अजिबात उत्साह नव्हता, पण गेले. यावेळी काम सोपं निघालं. मी बसवलेला जुना ड्रायव्हर काढून टाकला आणि कॉम्प्युटरने आपणहून नवा बसवून घेतला. आवाज आला.

सरांनी कपाळाला आठी घातली. "हा नाही. हा बसका येतोय. मागच्या वेळी आणला होतात तो आणा."

"सर, आवाज तोच आहे. उतारा तोच आहे."

"तो चांगला होता," ते हट्टाने म्हणाले. "सीडीवाला."

मला वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, ऐकून तरी बघू काय फरक आहे. वर्ग नव्हता, डबा बंद होता, मोबाइल माझ्या हातात होता. मी सहज त्यावर वेळ लावली. उतारा बरोबर पाच मिनिटांनी संपला. मग परत सीडी घातली, जुना ड्रायव्हर बसवला, तोच उतारा लावला. चार मिनिटं पस्तीस सेकंद.

मी परत लावला. चार पस्तीस.

पाचशे शब्द, चार मिनिटं पस्तीस सेकंद. हिशोब करायला मला वही लागली नाही. परीक्षेआधीचा तो आठवडा मी शंभरच्या नव्हे, जवळजवळ एकशेनऊच्या मागे धावत होते. जुना ड्रायव्हर नव्या व्यवस्थेत आवाज थोडा पळवत होता, आणि पळवल्यामुळे तो बारीक, तरतरीत, चाळिशीतला वाटत होता. आणि तो बसवला होता मीच, थाटात.

"सर," मी म्हटलं, "हा जलद चालतो."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. त्यांनी कपाटातून परीक्षेचं स्टॉपवॉच काढलं आणि स्वतः उतारा लावला. एकदा. दुसऱ्यांदा. ओठ हलत नव्हते. दुसऱ्यांदा संपल्यावर ते घड्याळ हातात धरून बसून राहिले. खाली गिरणी बंद होती, रविवार म्हणून.

"वही घ्या," ते म्हणाले.

"नको सर. आता काय उपयोग?"

"तुमच्यासाठी नाही. मला कळायला हवं."

मला नको होतं ते कळायला. मनापासून सांगते, नको होतं. पण दोन वर्षांची सवय. सरांनी वही म्हटलं की हात जातो. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, मी कधी न लिहिलेला एक उतारा काढला, घड्याळ समोर ठेवलं आणि त्या फाटक्या कुजबुजीत पाच मिनिटं सलग सांगितलं. मधे दोनदा आवाज साफ गेला तरी नुसत्या श्वासावर ते शब्द सांगत राहिले, एकही शब्द पुढेमागे न होऊ देता. काकू दारात उभ्या राहून मला हातांनी 'थांबव, थांबव' करत होत्या. मी मान खाली घालून लिहीत होते. चार महिने पेन्सिल धरली नव्हती.

टाइप करून दिलं. सरांनी लाल पेन्सिलीने तपासलं, दोनदा.

"नऊ," ते म्हणाले.

नऊ चुका. म्हणजे आरामात पास. मी पर्स उचलली आणि निघाले. त्यांना काही बोलायचं असावं, पण आवाज उरला नव्हता. जिना उतरताना मला भयंकर राग आला. राग सरांचा, त्यांच्या गर्वाचा, त्यांच्या त्या 'मूळचा आवाज'चा. आणि माझाही. मी का घड्याळ लावलं नाही? मी का ऐकलं त्यांचं?

पंधरा दिवसांनी ऑफिसात एक रजिस्टर्ड पाकीट आलं. आमच्याकडे येणारं सगळं टपाल मीच उघडते, नोंदवते आणि साहेबांच्या टेबलावर ठेवते. अक्षर टाइपचं होतं, पण कडेला सोडलेला समास बघूनच मी ओळखलं. साहेबांच्या नावे सरांनी लिहिलं होतं की आपल्या कार्यालयातील अमुक कंत्राटी लिपिक परीक्षेस पूर्णपणे पात्र असूनही बसल्या नाहीत. न बसण्याचा सल्ला माझा होता व तो चुकीचा होता. संगणकाचा आवाज दुरुस्त झाल्यावर उताऱ्याचा वेग तपासणे हे शिक्षक म्हणून माझे काम होते. ते मी केले नाही. माझ्या चुकीची शिक्षा त्यांना होऊ नये, तरी त्यांना वयाच्या अटीतून सूट देण्याचा विचार व्हावा. सोबत माझा तो उतारा जोडला होता, नऊ लाल खुणांसकट. आवाज कुणी दुरुस्त केला, सीडी कुणी बसवली, याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. शोकसभेतलंही काही न गाळणाऱ्या माणसाने एवढंच गाळलं होतं.

काउंटरवर माणसं उभी होती. मी पत्रावर शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि आत ठेवून आले.

साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला बोलावलं, पत्र दोनदा वाचलं. "अहो, काय करू मी यात? नियम आहे. सरकारला कुणाच्या कॉम्प्युटरचा आवाज सांगू का मी?"

"नाही, साहेब."

"उत्तर द्यावं लागेल मात्र." त्यांनी त्या बदलापूरच्या मुलीला आत बोलावलं आणि तीन ओळी सांगितल्या. विनंती नियमात बसत नसल्याने मान्य करता येत नाही. ती ते टाइप करून माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिने सरांचं पत्रही वाचलं असावं. "ताई, हे पाठवायचंय," म्हणाली.

मी ते पोस्टात टाकलं नाही. संध्याकाळी स्वतःच घेऊन गेले. सरांनी दारात उभ्या उभ्याच वाचलं. काकू त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलत नव्हत्या.

"म्हणजे नाही," सर म्हणाले.

"नाही, सर."

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?"

काहीतरी गोड बोलता आलं असतं. जाऊ द्या सर, नशीब, वगैरे. मी दिवसभर लोकांशी तेच बोलते.

"हो," मी म्हटलं. "खूप."

सरांनी मान हलवली. दारातून बाजूला सरकून त्यांनी खुर्चीवरचे कागद उचलले आणि ती माझ्याकडे सरकवली.

"बसा," ते म्हणाले. "सांगा. मी ऐकतो."